पलीकडचा पाना

फ्लँज निवडणं म्हणजे सोयरीक जुळवणं, असं ती ऑफिसात नव्याने आलेल्यांना सांगायची. पाइपाच्या टोकाला जी भोकांची चकती असते ती फ्लँज. तोंडाला तोंड लावायचं आणि बोल्ट आवळायचे. दोन्हीकडे पोलाद असेल तर मधे उठाव असलेलं रेज फेस खुशाल लावा. समोर बिडाचा पंप असेल तर मात्र सपाट, फ्लॅट फेसच. नाहीतर उठावामुळे कडेला फट राहते, बोल्ट ओढ घेतात, आणि बीड काही वाकत नाही. ते तडकतं.

हे शहाणपण तिला दोन वर्षांपूर्वी आलं होतं. चार नंबरच्या बिडाच्या पंपासाठी तिनं सामानाच्या यादीत घाईत रेज फेस लिहिलं. पंप सुरू होताच जोड फुटला आणि उकळतं पाणी, सगळे ज्याला पैलवान म्हणत, त्या फिटरच्या अंगावर आलं. चौकशीत ठरलं, गड्यानं ताकदीच्या भरात बोल्ट जास्त आवळले. मेलेला माणूस काय बोलणार? आणि ती तर मूग गिळून बसली होती.

आता त्याच पंपाची लाइन बदलायची होती, आणि काम आलं होतं फिटर असलेल्या तिच्या धाकट्या दिराकडे.

यादीत तिनं ‘फ्लॅट फेस’ लिहिलं. प्रिंट आली, ‘रेज फेस’. तिनं दुरुस्त केलं. पुन्हा तेच. शेवटी वैतागून हातानं चिठ्ठी लिहिली आणि स्वतः स्टोअरमध्ये गेली. म्हाताऱ्या स्टोअरकीपरनं चिठ्ठी वाचून रेज फेसची फ्लँज काउंटरवर ठेवली.

“अहो काका, फ्लॅट मागितलीय!”

“ताई, डोळे गेलेत माझे, पण इतकेही नाहीत. ‘रेज फेस’, तुमचंच अक्षर आहे, बघा.”

अक्षर तिचंच होतं. तारीख मात्र दोन वर्षांपूर्वीची होती.

पण भुताखेतांच्या नादी लागणारी बाई नव्हती ती. कामाचा ताण, दुसरं काय, असं म्हणत तिनं स्वतः कप्प्यातून फ्लँज काढली आणि तोंडावरून नख फिरवलं. उठाव नव्हता. तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून तिनं ती पंपघरात नेली आणि वेल्डरनं पाइपाला जोडेपर्यंत शेजारून हलली नाही. मग साहेबांचा फोन आला. ती दहा मिनिटं बाहेर होती.

परत आली तेव्हा पंपघरात ओल्या लोखंडाचा वास दाटला होता. दीर पान्याला झोंबत होता.

“होत आलं का, भाऊजी?”

“आलंच. वहिनी, तू पाठवलेला गडी लाखात एक हं! पलीकडून पाना असा धरतो की नट तसूभर हलत नाही. बोलत तेवढा नाही बापडा.”

“मी कुणालाच पाठवलं नाही.”

पंपापलीकडे लगेच भिंत होती. मधे जेमतेम वीतभर जागा. तिथे मांजर बसलं असतं, माणूस नाही.

ती वाकली. दोन फ्लँजांच्या कडेवर नख टेकवलं.

नख आत गेलं.

“भाऊजी, थांबा.”

“अगं, दोनच आटे राहिलेत.”

बिडातून किर्र असा बारीक आवाज आला.

“पैलवाननं जास्त आवळलं नव्हतं!” ती ओरडली. “चुकीचं तोंड मी लिहिलं होतं. मी! सगळं त्याच्यावर ढकललं आणि गप्प बसले!”

दीर गर्रकन तिच्याकडे वळला. पान्यावरचे त्याचे हात आपोआप सुटले.

त्याचा पाना खणकन खाली पडला.

पलीकडचा पडला नाही.