लिंबावरच्या राणी पाकोळ्या

यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शंका काढायच्या तर चहा संपल्यावर काढा.

कुंभवलीची पुष्पलता. नवरा कारखान्यात, ही घरी बसून फुलपाखरं रंगवायची. ही गोजराबाई बसलीय ना समोर, हिच्या भिंतीला तिची भिंत. पुष्पलताचा हात म्हणजे काय सांगू! काळा रंग ती कधी डबीतून घ्यायची नाही. निळ्यावर तांबडा, त्यावर पुन्हा निळा, असे पातळ हात देत देत मखमली काळोख उभा करायची. तिनं राणी पाकोळी काढली, ते मोठं काळं-निळं फुलपाखरू, तेव्हा मागच्या पंखांवरचा तो फिकट निळा बघून वाटायचं, बोट लावलं तर भुकटी लागेल.

आता कारखान्यांच्या धुरात जिवंत पाकोळी यायची कुठून? तिला कुंपणाशी एक मेलेली सापडली. थर्मोकोलवर पंख ताणून, पाठीत टाचणी टोचून तिनं ती वाळवली आणि तिच्यावरून चित्र काढलं.

पालघरच्या वन्यजीव चित्रप्रदर्शनासाठी चित्रं निवडणारे प्रफुल्ल सर ते बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, रंग अप्रतिम. पण ही मेलेली आहे. जिवंत पाकोळी पुढचे पंख असे वर ताणून बसत नाही. हे नाही घेता येणार."

पुष्पलताला झोंबलं. अख्खं वर्ष त्या एका चित्रात गेलं होतं. बोलून गेली, "आमच्या लिंबावर अशाच बसतात. रविवारी या नि बघा!"

त्या लिंबावर कित्येक वर्षांत माशीसुद्धा बसली नव्हती. घरी येऊन तिनं चित्र खिडकीत उभं केलं, लिंबाकडे तोंड करून, आणि नुसती बघत बसली.

शनिवारी दुपारी एक पाकोळी आली. संध्याकाळपर्यंत झाडाचं पान दिसेना.

रविवारी सर आले ते फाटकातच थबकले. सगळ्या पंख वर ताणून बसलेल्या.

"टाळी वाजवून बघा," पुष्पलता म्हणाली.

सरांनी वाजवली. एकही उडाली नाही.

सर झाडाजवळ गेले. वाकले. मग परत येऊन चित्र उचललं, "प्रदर्शनात घेतो" म्हणाले, आणि चहालाही न थांबता निघाले.

काय दिसलं असेल त्यांना? प्रत्येकीच्या पाठीत, अगदी मधोमध, एक बारीक भोक!

"खोटं!" गोजराबाईनं कप खाली ठेवला. "काय पण सांगतोस, आबा! आत्ताच लिंबावर बघून आले मी. भोकं कुठली? टाचण्या अजून तशाच हायत."