सत्तेचाळीस नोंदींचा पत्ता

सकाळच्या सत्तेचाळीस रुग्णांच्या नोंदी गायब झाल्याचं रुग्णालयाला सव्वाअकराला कळलं. साडेअकराला व्यवस्थापकांनी नोंदणी खिडकीवरच्या ताईंसमोर कागद ठेवला. कसूर कबूल करा आणि राजीनामा द्या.

"हात झडले तरी सही करणार नाही," ताई म्हणाल्या. "एकेक नोंद मी केलीय."

"मग काय उंदरांनी खाल्ल्या?" व्यवस्थापक हसले.

अधीक्षकांनी संगणक विभागातल्या तात्यांना बोलावलं. तात्यांनी कागद दोनदा वाचला.

"साहेब, 'दहा वाजता तपासले असता एकही नोंद आढळली नाही.' हे तुम्ही पाहिलंत?"

"स्वतःच्या डोळ्यांनी. माझ्या संगणकावर," व्यवस्थापक म्हणाले.

"वेळ नक्की?"

"घड्याळ कळतं मला."

तात्या ताईंकडे वळले. "दहाला तुम्हाला नोंदी दिसत होत्या?"

"मलाच काय, डॉक्टरांनाही. त्या बघूनच रुग्ण आत घेत होते. अकरानंतर सगळं कोरं."

"साहेबांशी काही बिनसलंय?"

"गेल्या आठवड्यात एका बाईंची यायची वेळ बदला म्हणाले. आठ वाजून दहाची आठ-पन्नास करा म्हणे. मी नाही केली."

"विषय सोडू नका," व्यवस्थापक गुरकावले.

तात्या उठून गेले, ते अर्ध्या तासाने परतले.

"सापडल्या. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. नवे कर्मचारी शिकतात त्या सरावाच्या डेटाबेसमध्ये."

"तिथे कशा?" अधीक्षकांनी विचारलं.

"खरा डेटाबेस कुठे आहे, हे संगणकांना ठाऊक नसतं. त्यांना फक्त 'नोंदणी' हे टोपणनाव माहीत. ते मधल्या यादीला विचारतात, यादी पत्ता सांगते. पूर्वी प्रत्येक संगणकात वेगळी यादी असायची. डेटाबेस हलला की मी साठ टेबलं फिरून ती बदलायचो. आता एक ओळ बदलली की सगळे नव्या पत्त्यावर. आज पावणेआठला ती ओळ कुणीतरी सरावाच्या डेटाबेसकडे वळवली. त्यात रोज पहाटे खऱ्याची नक्कल उतरते, म्हणून कुणाला फरक कळला नाही. अकराला ओळ पुन्हा जागेवर."

"यादीचा पासवर्ड तुमच्याकडेही आहे," व्यवस्थापक म्हणाले.

"आपल्या दोघांकडेच आहे. पण दहाला यादीला विचारणाऱ्या प्रत्येकाला नोंदी दिसत होत्या. त्या नाहीत हे दिसणार कुणाला? ज्याचा संगणक यादीला विचारतच नाही, त्याला. तुमचा आत्ता अधीक्षकांच्या परवानगीने उघडला. त्यात खरा पत्ता वेगळा लिहून ठेवलाय. कालच्या तारखेला. सापळा लागला का, हे बघितल्याशिवाय राहवलं नाही तुम्हाला."



"कशासाठी?" अधीक्षकांनी विचारलं.

"त्या बाईंची नोंद काढून पाहिली," तात्या म्हणाले. "त्या वारल्या. आठ-दहाला आणलं, डॉक्टर आठ-पन्नासला आले. घरच्यांनी कागद मागितलेत. ताई निष्काळजी ठरल्या, की त्यांनी लिहिलेली वेळही खोटी ठरते."

अधीक्षक दार लावायला उठले. "हे आपल्या-आपल्यात मिटवू. ताई, तुमची नोकरी शाबूत."

ताईंनी खुर्ची ओढून दारात ठेवली.

"माझी नोकरी राहू द्या बाजूला. त्या बाईंचा नवरा खाली बसलाय, रोज येतो. चाळीस मिनिटं बायकोचा हात धरून तो डॉक्टर, डॉक्टर ओरडत होता. मी ऐकलंय. आधी त्याला वर बोलवा. जे बोलायचं ते त्याच्यासमोर."

कुणी हललं नाही. मग ताईच जिना उतरल्या.