चौकोनातली खूण

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो. काही बिघडलं की पोरं मशीन नुसतं बंद-चालू करत बसतात. मी वहीत सगळी शक्य कारणं लिहितो आणि एकेक खोडत जातो. धाकटा भाऊ एफ्रेन यावरून माझी टर उडवायचा.

तो समुद्रापलीकडे बाकोलोदला राहायचा. माझ्याकडे विंडोज, त्याच्याकडे लिनक्स. मोडेमवरून एकमेकांना पत्रं पाठवायची असं आम्ही ठरवलं. त्याचं मशीन फोन लावायचं, माझं उचलायचं, दोन्ही किंचाळायची आणि माझं मशीन फोन ठेवून द्यायचं. आठवडाभर हेच चाललं.

"तुझं ते फुकटातलं सॉफ्टवेअर माझ्या दारात उभं करायच्या लायकीचं नाही," मी म्हणालो.

"मानोंग, कुलूप तुझ्या दाराला आहे." थोरल्या भावाला आम्ही मानोंग म्हणतो, थोरल्या बहिणीला मानांग.

"मग ये आणि उघडून दाखव. लागली पैज."

तो निघाला. दुपारची बोट मध्येच बुडाली. एफ्रेन सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या मशीनमधल्या नोंदी वाचल्या. तो निघाला त्या सकाळी, मी कॉलेजात असताना, त्याने तीनदा पत्र पाठवायचा प्रयत्न केला होता. तिन्ही वेळा माझ्या मशीनने जोडणी तोडली होती. सेटिंगमधल्या एका चौकोनात बरोबरची खूण होती. पासवर्ड सांकेतिक स्वरूपातच हवा, असा तिचा अर्थ. त्याचं मशीन साधा पासवर्ड पाठवत होतं. ती खूण मीच केली होती आणि विसरून गेलो होतो. काढायला एक सेकंद लागला.

पत्र अजून त्याच्या मशीनमध्ये पडून होतं. मशीनचा पासवर्ड एफ्रेनबरोबर गेला. फोनवरून आत शिरायची परवानगी मात्र त्याने माझ्या नावाने देऊन ठेवली होती. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली की त्याची बायको मर्ली घर रिकामं करून माहेरी जाणार होती. त्याआधी मला ते पत्र हवं होतं. खुणेबद्दल तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

रोज दुपारी तीनला ती मशीन चालू करायची आणि मी फोन लावायचो. जोडणी व्हायची, स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत नाव विचारणारी ओळ यायची आणि सगळं तुटायचं. त्यांच्या गल्लीत दोन घरांत मिळून एक फोन लाईन होती. शेजारच्या मानांग पासिंगनी रिसीव्हर उचलला की आमचा निकाल लागायचा.

"त्यांना सांगितलंस ना?" मी मर्लीला विचारलं.

"सांगितलं, मानोंग. त्या म्हणतात, आत कोण किंचाळतंय ते ऐकायलाच उचलते."

वहीतली एक गोष्ट मात्र मला खोडता येईना. मशीन अशी ओळ एकदम टाकतं. ही एकेक अक्षर करत येत होती. काही अक्षरांआधी ती अडायची, आणि रोज त्याच अक्षरांआधी. कीबोर्डवर ती सगळी डाव्या तर्जनीखाली येतात. एफ्रेनची डावी तर्जनी बर्फाच्या कारखान्यात तुटली होती. लाईनमध्ये खरखर, असं मी लिहून टाकलं.

चाळिसाव्या दिवशी मानांग पासिंग प्रार्थनेला मर्लीकडे असणार होत्या, म्हणजे लाईन मोकळी. मी गेलो नाही. जायला बोटीत बसावं लागलं असतं, आणि पोचल्यावर मर्लीकडे बघावं लागलं असतं.

तीनला फोन लावला. ओळ आली, अडखळत. मी नाव दिलं, पासवर्ड दिला, आणि आत गेलो. पत्र उतरलं.

"मानोंग, जेवायला घरी आलास की वाच. हे पोचलं म्हणजे आपलं जुळलं आणि तू पैज हरलास. मग एक फोन कर, मी दुपारची बोट सोडून देतो. नाही आला फोन तर येतोच. मर्लीने तुझ्यासाठी सुकी मासळी बांधून ठेवलीय."

टेबलावर डोकं टेकून मी रडलो. किती वेळ ते आठवत नाही. मग काळ्या खिडकीत दोन शब्द लिहिले.

"येऊ नकोस."

जोडणी तुटली. तशी सूचनाही आली.

लगेच फोन वाजला. मर्ली होती.

"सगळे जेवायला बसलेत, मानोंग. त्याचंही ताट वाढलंय. तुम्ही यायला हवं होतं."

"मर्ली, पत्र मिळालं. मशीन बंद कर आता."



"मशीन कुठलं चालू असणार? सकाळपासून वीज नाही इथे. मेणबत्त्या लावून प्रार्थना केली."

रिसीव्हर माझ्या कानाला होता. मोडेमवर जोडणीचा दिवा नव्हता.

खिडकीत, माझ्या दोन शब्दांखाली, एक अक्षर उमटलं.

मग दुसरं.

पुढच्या अक्षराआधी ते अडलं. मी वाट पाहिली.

"बोटीत बसलोय, मानोंग."