काढायचे आवाज

ऐकणाऱ्यांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून त्यांचं रेकॉर्डिंग करायचं, हा त्या ऑफिसचा धंदा. वाचिका काचेआड बसून वाचायची आणि बाहेर बसलेली कानसेन त्यातले खोकले, खुर्चीची करकर निवडून काढायची. कानसेन हे नाव काकांनी चिडवायला ठेवलेलं. काका म्हणजे तिला काम शिकवणारे, सख्ख्या काकांहून जवळचे. डोळे मिटून ते शेजारी बसायचे आणि वाचणाऱ्याचा शब्द चुकला की जिभेने ‘च्’ करायचे. तेव्हा तिला त्या ‘च्’चा भारी वैताग यायचा. काका वारले आणि मग त्या ‘च्’साठीच तिचा जीव तुटायला लागला.

पुढे नव्या साहेबांनी फर्मान काढलं. आवाज आता एआयनेच साफ करायचे, हाताने केलेलं चालणार नाही, ज्यांना जमणार नसेल त्यांनी दुसरीकडे बघावं. कानसेनने नाक मुरडलं, पण पोटाचा प्रश्न होता. बसली शिकायला.

एआय प्रत्येक रेकॉर्डिंगचे दोन भाग करायचं, एक ठेवायचा, एक काढायचा. काढायचा भाग संध्याकाळी आपोआप पुसला जाई. एआयची चूक पकडावी म्हणून तिने एकदा हेडफोन लावून काढायचा भाग ऐकला. पानांची सळसळ होती, वाचिकेचा श्वास होता. मग वाचिका जिथे अडखळली होती, नेमक्या तिथे, अगदी जवळून, ‘च्’.

तिने घाईने पुढचं लावलं. पुढच्या चुकीलाही ‘च्’. वाचिकेला विचारलं तर ती म्हणाली, आत मी एकटीच असते, दुसरं कोण असणार? मूळ रेकॉर्डिंगमध्ये कितीही कान लावला तरी तो आवाज सापडेना.

खरं तर घाबरायला हवं होतं. पण कानसेन रडली, हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऐकायला बसली. डबा उघडायचीही शुद्ध राहीना. साहेब मात्र खूश होते, एआय रोज हुशार होत होतं. आणि रोज तो ‘च्’ आणखी पुसट होत होता. काका दुसऱ्यांदा जाणार, असं तिला वाटू लागलं.

एका दुपारी वाचिका जेवायला गेली, तशी कानसेन स्वतः काचेआड जाऊन बसली. एक पान मुद्दाम चुकत वाचलं. शेवटी हळूच म्हणाली, “काका, जाऊ नका ना.”

बाहेर येऊन तिने ते एआयला दिलं, हेडफोन चढवले आणि काढायचा भाग लावला.

त्यात तिचाच आवाज होता. सगळाच्या सगळा, त्या विनवणीसकट.

तिने ठेवायचा भाग लावला. काका वाचत होते. तेच पान, एकही चूक न करता, त्यांच्या संथ, खर्जातल्या आवाजात. तिचे डोळे भरून आले.

पान संपलं. ती एवढंच वाचून उठली होती.

काकांनी पान उलटलं आणि पुढे वाचू लागले.

तिने हेडफोन ओरबाडून काढले. साहेब आणि वाचिका दारातून आत येत होते. तिने साहेबांना हाक मारली. पुन्हा मारली, घसा ताणून.

साहेबांनी मान वळवली नाही. क्षणभर कानोसा घेऊन ते वाचिकेला म्हणाले, “खोली आता कशी शांत वाटते, नाही?”