वाढत्या अंगाचा पाइप

शेजारचं मांजर ज्या पाइपातून शेपटीसकट आरपार जाऊन आलं, तो पाइप आंघोळीच्या चार तांबे पाण्याने तुंबायचा. आणि वरच्या मजल्यावरचा जुना पाइप, ज्यात त्या मांजराचं डोकंसुद्धा शिरलं नसतं, तो ओजस्वीच्या आठवणीत एकदाही तुंबला नव्हता. हे असं का?

संगमनेरच्या गुंजाळांच्या घरात सध्या हाच एक प्रश्न होता. घरात माणसं दोनच, ओजस्वी आणि तिची आई. बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, ते दिवाळीला यायचे. आणि आजोबा होते नाशिकला, वृंदाआत्याकडे.

आजोबा ढगांचे शास्त्रज्ञ. आकाशात यंत्रं सोडून ढगाच्या पोटात किती पाणी आहे, हे मोजण्यात त्यांचं नोकरीतलं आयुष्य गेलं. पण मागच्या हिवाळ्यात ते स्वतःच्याच घराच्या जिन्यात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांची मुलगी वृंदा त्यांना आपल्या लिफ्टच्या इमारतीत घेऊन गेली. जिना त्यांना आता कायमचा बंद. म्हणून आईने खाली अंगणाला लागून त्यांच्यासाठी खोली बांधली आणि खोलीला लागून न्हाणीघर. त्या न्हाणीघराचा पाइप तुंबत होता. आंघोळ झाली की जाळीभोवती साबणाच्या पाण्याचं तळं साचायचं आणि फरशी तासभर ओली राहायची.

आत्याने स्पष्ट सांगून ठेवलं होतं. शनिवारी ती येणार, न्हाणीघर बघणार. फरशीवर पाणी उभं राहिलेलं दिसलं, तर आजोबा नाशिकलाच राहतील आणि तो विषय पुन्हा कोणी काढायचा नाही. तिला खडूस म्हणणं सोपं होतं, पण मोडलेल्या हाडाशेजारी दवाखान्यात रात्री तिने काढल्या होत्या.

आजोबा स्वतः घरी यायचं कधी बोलत नसत. फक्त रोज संध्याकाळी फोन करून ओजस्वीला सांगत, की फोन जरा अंगणातून आकाशाकडे धर. नाशिकला ढग नाहीत का, असं तिने एकदा विचारलं. आहेत, पण इथे इमारतींच्या फटीतून तुकड्यातुकड्याने दिसतात, असं ते म्हणाले. त्यानंतर तिने विचारलं नाही. फोन धरून हात दुखेपर्यंत उभी राहायची.

बुधवारी शाळा सुटल्यावर ओजस्वी पेठेतल्या अवजारघरात गेली. पुस्तकं घरी न्यावीत तशी तिथून शिड्या, करवती आणि यंत्रं न्यायला मिळतात. तिने पाइपात शिरणारा रोबो मागितला. तो निघाला वीतभर लांब आणि अंगठ्याएवढा जाड, पुढे दिवा, आणि चालायचा तो गांडुळासारखा अंग आखडून-पसरून. ओजस्वीने त्याचं नाव लगेच गांडोबा ठेवलं. त्याने आपला पाच आकडी क्रमांक सांगून पाहिला, मग ‘गांडोबाही चालेल’ असं म्हणाला. बोलणं मात्र सरकारी पत्रासारखं.

जाळी काढली आणि तो आत गेला. त्याला दिसेल ते बाहेर ओजस्वीच्या हातातल्या काचेवर दिसत होतं. तिला वाटलं होतं, आत बोळा नाहीतर दगड असेल. तसलं काहीच नव्हतं. भुयारासारखा ऐसपैस पाइप, आणि तळाशी पाण्याचा पातळ पापुद्रा, भिजलेल्या कागदासारखा. स्वयंपाकघरातली मोरीही याच पाइपाला जोडलेली होती. त्यामुळे पापुद्र्यात जागोजागी भाताची शितं बसलेली, शितांना केस अडकलेले, केसांवर साबणाचा साका. पुढे पुढे त्याचा छानपैकी बांधच झाला होता.

“पाणी आहे,” गांडोबा आतून म्हणाला, “परंतु ते उचलून नेण्याच्या स्थितीत नाही.”

म्हणजे काय, हे तो सांगू लागला, तेव्हा ओजस्वीने त्याला थांबवलं. तिला ते बघायचं होतं.

बांधकामातून उरलेले पाइपाचे तुकडे अंगणात पडलेले होतेच. एक या न्हाणीघराचा, एकशेसाठचा. एक त्याच्या निम्म्याहून कमी, पंचाहत्तरचा. दोन्ही साधारण मीटरभर लांब. पाइपावर छापलेला हा आकडा म्हणजे त्याचा व्यास (एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतची रुंदी), मिलिमीटरमध्ये. ओजस्वीने पट्टी लावून पाहिली, तर पंचाहत्तरचा पाइप आतून अडुसष्टच भरला. फसवतात की काय, असं तिला वाटलं. गांडोबाने तिला पट्टी बाहेरच्या कडेला लावायला सांगितली. बाहेरून बरोबर पंचाहत्तर. प्लास्टिकचा पाइप बाहेरच्या मापाने ओळखतात, कारण जोड त्याच्यावरून बसवायचा असतो. पाणी मात्र आतून जातं, म्हणून हिशेब करताना दोन्ही बाजूंची भिंत वजा करायची.

मग दोन्ही तुकड्यांच्या एका टोकाखाली तिने सारख्याच जाडीची फळी ठेवली, म्हणजे उतार सारखा. दोन्हींत तोंडाशी मूठ मूठ तूरडाळ टाकली आणि एकेक तांब्या पाणी सारख्याच वेगाने ओतलं. छोट्या पाइपातून डाळ पाण्यासोबत धावत बाहेर आली. मोठ्या पाइपातलं पाणी पसरलं, संथ झालं, थोडी डाळ पुढे सरकली आणि बाकीची जिथल्या तिथे बसून राहिली. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही डाळ खायची होती का, असं विचारलं. तिला उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता.

तांब्या तोच, उतार तोच. मग बदललं काय? ओजस्वीने दोन्हींत पाणी किती उंच चढतंय ते बोट घालून पाहिलं. छोट्यात बोटाचं एक पेर बुडलं. मोठ्यात नखही धड बुडलं नाही.

गांडोबाने समजावलं ते असं. पाइपाचा तळ पाण्याला सतत मागे ओढत असतो. याला घर्षण (दोन गोष्टी एकमेकींना घासताना होणारा अडथळा) म्हणतात. पाणी पातळ पसरलं, की जवळजवळ सगळंच तळाला घासून चालतं आणि मंदावतं. तेच पाणी अरुंद जागेत खोल झालं, की वरचं पाणी तळापासून सुटं होतं, जोरात पळतं आणि डाळ, शितं, केस सोबत घेऊन जातं.

“पण हा मोठा म्हणजे छोट्याच्या फक्त दुप्पट आहे ना,” ओजस्वी म्हणाली. “एवढा फरक पडतो?”

गांडोबा म्हणाला, की घरात पोळ्या होत असतील तर तिथे चौकशी करावी. पोळ्या होतच होत्या. आईने एक वीतभर पोळी लाटली आणि दुसरी तेवढ्याच जाडीची, पण दुप्पट रुंद. दुसरीला गोळे लागले चार. रुंदी दुप्पट झाली की वर्तुळातली जागा चौपट होते. एकशेसाठचा पाइप पंचाहत्तरच्या दुपटीहून जरा जास्तच, म्हणजे त्यात साडेचार-पाचपट जागा. आणि एवढ्या जागेत चार तांबे पाणी. कारण न्हाणीघरात होती तुषारन्हाणी. ती पाण्याचे बारीक थेंब करून हवेत मिसळते, दोन बादल्यांची आंघोळ तितक्यातच उरकते. गावात आता सगळ्यांकडे तीच असते.

“मग सगळ्यात बारीकच घालू,” ओजस्वी म्हणाली. चाळीसचाही एक तुकडा पडलेला तिने पाहिला होता.

गांडोबा नको म्हणाला नाही. त्याने फक्त सुचवलं, की या वेळी पाइपाच्या सुरुवातीला जाळीखालचा वाकडा तुकडा जोडून पाहावं. प्लंबर त्याला ट्रॅप म्हणतात. त्याच्या वळणात थोडं पाणी कायम अडून राहतं आणि गटाराची दुर्गंधी त्या पाण्यापलीकडून घरात येऊ शकत नाही. दाराशी बसलेल्या राखणदारासारखं ते पाणी. ओजस्वीने ट्रॅप जोडला, वळण भरलं, आणि मग मोरी आणि आंघोळ एकदम सोडल्यासारखं दोन तांबे धडाधड ओतले. चाळीसचा पाइप गच्च भरून वाहिला. शेवटी ‘गुडगुड, गुर्रर्र’ असा आवाज आला, अगदी दूध संपल्यावर बाळाच्या बाटलीतून येतो तसा. वळणात डोकावली, तर राखणदार गायब. गच्च भरून निघालेल्या पाण्याने मागचंही ओढून नेलं होतं.

म्हणजे पाइपात हवेलाही जागा लागते, हे ओजस्वी स्वतःच म्हणाली. खाली पाणी, वर हवा. गांडोबाने दिवा दोनदा मिचकावला. ते बहुधा त्याचं हसणं असावं. पाणी सगळ्यात जास्त येईल तेव्हाही पाइप अर्धाच भरावा आणि नेहमीच्या पाण्याने केस-शितं बसू नयेत एवढा तो अरुंद असावा. या दोन्हींच्या मधलं माप शोधायचं, एवढाच सगळा हिशेब. त्यांनी मोरी आणि आंघोळ एकदम सोडून पुन्हा पाहिलं. पन्नासचा एक तुकडाही सापडला होता, तो जवळजवळ भरला. पंचाहत्तरचा अर्ध्याला थोडा कमी.

“पंचाहत्तर,” ओजस्वी म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

कारण प्लंबरनेही पंचाहत्तरच सांगितला होता. एकशेसाठ सांगितला होता आजोबांनी, नाशिकहून, फोनवर. त्यांचा जन्माचा नियम होता, घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. ओजस्वीचा पहिलीचा गणवेश तिला तिसरीत नीट बसला. बुटांत ती वर्षभर कापूस घालून चालायची. पाइप काय आपण रोज घेतो का, थोडा मोठाच असू दे, असं ते म्हणाले होते आणि आईनेही मान डोलावली होती.

आई म्हणाली, त्यांना सांगू नकोस. आधीच आपल्यामुळे सगळ्यांना त्रास, असं ते मनाला लावून घेतात. गुपचूप पाइप बदलू. पण संध्याकाळी फोन आला, ओजस्वीने तो आकाशाकडे धरला, आणि त्यांच्याशी एवढी मोठी गोष्ट लपवून उभं राहणं तिला जमेना. ज्या माणसाने तिला मोजायला शिकवलं, त्याच्यापासून माप लपवायचं?

तिने सगळं सांगितलं. तांब्या, डाळ, बोटाचं पेर, राखणदार. मग तिने फोन खाली घेऊन त्यांचा चेहरा बघितला.

“मोठ्या पाइपात पाणी नक्की किती चढलं होतं?” त्यांनी विचारलं.

“नखाएवढं.”

“नख कोणाचं? माझं की तुझं? मापात नख चालत नाही, ओजू. पट्टी लाव.”

तिला हायसं वाटलं. मग आजोबांनी तिला फोन पाइपाशी धरायला लावून सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला लावला. आईने निमूटपणे आणखी डाळ दिली. मोठ्या पाइपात डाळ बसून राहिलेली दिसली, तेव्हा ते हळूच म्हणाले, “तू वाढत होतीस म्हणून मी मोठं घ्यायचो. इथेही तसंच धरलं. पण पाणी तर वर्षावर्षाला कमीच होत गेलं, आणि ते मोजायची नोकरी माझी होती.” असं म्हणून ते हसले, अगदी खरं हसले. आईने पदराने डोळे टिपले, आणि डाळ वाया गेली म्हणून टिपले असं दाखवलं.

आता प्रश्न उरला खोदायचा. नवी फरशी फोडली, तर शनिवारपर्यंत काही व्हायचं नव्हतं. तोडगा आजोबांनीच काढला: मोठा पाइप काढायचाच कशाला, छोटा त्याच्या पोटात घाला. न्हाणीघरापासून बाहेरच्या चेंबरपर्यंत, म्हणजे सगळं सांडपाणी जिथे गोळा होतं त्या झाकणाच्या चौकोनी खड्ड्यापर्यंत, ओळ सरळ होती. गुरुवारी गांडोबाने आतला बांध ढकलून काढला आणि शेपटीला दोरी बांधून पलीकडे गेला. शुक्रवारी प्लंबर आणि आई इकडून पाइप ढकलत होते, ओजस्वी तिकडून दोरी ओढत होती. मोठ्या पाइपाला आधीच उतार होता, मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर. त्याच्या तळाशी टेकून छोट्यालाही तोच मिळाला. मोरीचा जुना जोड आता झाकला गेला, म्हणून तिचं पाणी त्यांनी वेगळ्या पाइपाने थेट चेंबरमध्ये नेलं. दोन्ही टोकांना जोड बसले.

शनिवारी आत्या आली. चहा नको म्हणाली. न्हाणीघरात जाऊन तिने तुषारन्हाणी पूर्ण सोडली, शिवाय एक बादली भसकन ओतली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पाणी जाळीकडे गेलं, जाळीत शिरलं, आणि फरशीचा रंग कडेकडेने सुकायला लागला. आत्या खाली वाकली. जाळीजवळ नाक नेऊन तिने वास घेतला. मग फरशीवर अनवाणी पाय घासून पाहिला, एकदा, दोनदा. त्यानंतर ती फाटकाबाहेर उभ्या गाडीकडे गेली, मागचं दार उघडलं आणि म्हणाली, “उतरा, नाना. सावकाश.”

ती त्यांना सोबत घेऊनच आली होती. बॅगेसकट.

आजोबांनी घरी आल्यावर पहिली गोष्ट मागितली ती आंघोळ. दाराबाहेर आत्या आणि आई दोन्ही बाजूंना पहाऱ्याला उभ्या राहिल्या. ओजस्वी मात्र अंगणात चेंबरचं झाकण उघडून पालथी पडली. थोड्या वेळाने पाइपाच्या तोंडातून पाणी आलं, फेस वर, बोटाचं पेरभर खोल, आणि त्यातून दोन पांढरे केस घाईघाईने वाहत गेले.

संध्याकाळी आजोबा अंगणात खुर्चीवर बसले. आता आकाश बघायला त्यांना फोन लागत नव्हता. पश्चिमेकडे कापसासारखे ढग होते आणि ते बराच वेळ ते बघत होते. मग म्हणाले, की आणखी वीस वर्षांनी तुषारन्हाणीसुद्धा जुनी होईल. लोक एका तांब्यात आंघोळ करतील. तेव्हा हा पाइपही मोठा ठरला, तर?

ओजस्वीने क्षणभर विचार केला. डाळीचा डबा अजून तिच्या मांडीवर होता.

“मग पुन्हा मोजू,” ती म्हणाली.