खारीच्या पायावरचं वळं

कुत्र्याचं रक्त तपासून मुलांची तब्येत सांगायची, हे आता जनावरांच्या दवाखान्यांत रोजचंच झालं होतं. बाकडी मात्र अजून तीच, डुगडुगती. नलू पार वैतागली होती. शेजारच्या बाईंचा बोकड तिची ओढणी चघळत होता, नंबर काही पुढे सरकत नव्हता, आणि सात वर्षांची रेवा खारी नावाच्या कुत्रीच्या गळ्यात हात टाकून अगदी शहाण्यासारखी बसली होती.

रेवा नलूच्या बहिणीची मुलगी. ज्या घरात आवाज चढला की भांडी फुटायची, त्या घरातून तिला मावशीकडे आणलं होतं. आणि सोबत सरकारनं ही समनाडी कुत्री दिली होती.

"समनाडी म्हणजे काय ते पुन्हा सांगा," आत गेल्यावर नलू म्हणाली. "मागच्या वेळचं डोक्यावरून गेलं."

डॉ. मुलाणींनी उसासा टाकला. "दोन तांबे नळीनं जोडले की पाणी एका पातळीला येतं ना? तसंच. रेवाच्या मनगटावर पट्टी, खारीच्या कातडीखाली तांदळाएवढा दाणा. पोर घाबरली की निम्मी भीती खारीच्या अंगात उतरते. कुत्र्याची जात, ती अंग झटकते, विसरते. ती निवली की पोरही निवते. म्हणून सुई पोरीला टोचायची नाही, हिला टोचायची."

"मग काय निघालं रक्तात?"

"सगळं छान. इतकं छान की मला पटत नाहीये."

"घ्या! वाईट आलं तरी बोलणी, चांगलं आलं तरी बोलणी!"

डॉक्टरांनी खारीचा पुढचा पाय उचलला. घोट्याच्या वर केस झिजून गोल वळं पडलं होतं, बरोबर पट्टीच्या रुंदीचं.

"रेवा, पट्टी हिला बांधतेस?"

रेवानं मान खाली घातली. "फक्त रात्री."

"म्हणजे दोन्ही तांबे एकट्या खारीचेच," डॉक्टर पुटपुटल्या. "पोरीचं पाणी कुठे गेलं, कुणास ठाऊक!"

"अगं बये, पण का?" नलूचा आवाज चढला, आणि चढल्याबरोबर तिनंच तो गिळला.

"तूच म्हणालीस ना, मावशी? खारीला औषध पाजताना. मी घाबरले की तिचं काळीज झिजतं म्हणून."

म्हणाली होती खरी. दूध उतू गेलं होतं, औषध सांडलं होतं, तोंडाला येईल ते बोलून गेली होती.

"मग रात्री भीती वाटली की काय करतेस?"

"उशी चावते. मला येतं ते. आई रडायची तेव्हापण तसंच करायचे."

नलूनं बाही वर सारली. "डॉक्टर, तो दाणा मला बसवा. निम्मी भीती मी घेते."

डॉक्टरांनी भीती मोजायचं यंत्र आधी रेवाच्या मनगटाला लावलं, मग नलूच्या. आकडा बघून हलकेच खाली ठेवलं.

"माणसांना बसवत नाहीत, नलूताई. पाणी वरून खाली येतं. तुमच्या भीतीची पातळी रेवाच्या दुप्पट आहे. जोडलं, तर तुमचं हिच्यात उतरेल."

बाहेर बोकड ओरडला. खारीनं अंग झटकलं. रेवा मावशीकडे टक लावून बघत होती. मग तिनं आपला चिमुकला हात पुढे केला.

"दे, मावशी," ती म्हणाली. "मला येतं ते."