चारची पाळी

लेकीचं काम साधंच होतं. पेट्या बांधायच्या, किल्ली घरमालकाला द्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं आईला आपल्या नोकरीच्या गावी घेऊन जायचं, समुद्रापासून लांब. पेट्या बांधून झाल्या, तरी आई दाराशेजारच्या खुर्चीतून हलेना.

"चार वाजता ते येतात," आई म्हणाली. "मी गेले तर दार कोण उघडेल?"

लेकीनं कपाळाला हात लावला. "आई, बाबांना जाऊन वीस वर्षं झाली!"

"म्हणून काय? यायचे थांबलेत का?"

लहानपणी चारची ती पावलं लेकीलाही ऐकू यायची. कॉलेजात गेल्यावर तिनं ऐकणं बंद केलं होतं.

बाबा व्यापारी जहाजावर खलाशी होते. वर्षातले दहा महिने पाण्यावर, दोन घरी. घरी जेवतानाही डाव्या हातानं ताट धरून बसायचे, घसरू नये म्हणून. आई हसली की म्हणायचे, "घर हलत नाही हे पटायला आठवडा लागतो गं." नौदलाच्या राखीव यादीत त्यांचं नाव होतं, युद्ध पेटलं तसं बोलावणं आलं. कानांवर उतरणारी टोपी घालून ते आरशासमोर उभे राहिले. "डोकं माझं, टोपी सरकारची," म्हणाले, दोन वर्षांच्या लेकीला कडेवरून उतरवलं आणि जिना उतरून गेले. सुरुंग शोधणाऱ्या एका जुन्या बोटीवर त्यांना सुकाणू धरायला उभं केलं. अकराव्या आठवड्यात, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, ती बोट सुरुंगावर आदळली.

हे घरी येऊन सांगितलं सावकाशकाकांनी. बाबांचे बोटीवरचे सोबती, वाचलेल्या तिघांतले एक. प्रत्येक घोट फुंकून फुंकून प्यायचे, म्हणून बोटीवरच त्यांचं हे नाव पडलेलं. "शेवटपर्यंत सुकाणू सोडलं नाही त्यानं," हे त्यांचं वाक्य ऐकून लेकीचे कान किटले होते. एरवी काका भेटायला यायचे ते सकाळी. आज निरोपासाठी म्हणून दुपारी आले आणि पेटीवर बसून चहा फुंकत होते.

"काका, बाबांची पाळी कुठली होती?" वळकटीच्या दोरीला गाठ मारता मारता लेकीनं विचारलं.

"बारा ते चार."

"मग चार-दहाला ते सुकाणूवर कसे?"

बशी ओठांपाशीच थांबली.

खिडकीबाहेर धुकं इतकं दाटलं होतं की समोरची गोदी दिसत नव्हती. घरात वास आला... डिझेलचा, ओल्या लोकरीचा, खाऱ्या पाण्याचा. जिन्याच्या लाकडी पायऱ्या एकेक करून वाजत वर आल्या. दारापाशी पावलं थांबली.

आईनं दार उघडलं. "या ना आत, अहो."

कुणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर बुटांचे दोन ओले ठसे होते, आणि त्यांच्याभोवती पाणी वाढत होतं. मग आवाज आला. दमलेला, अगदी हळू.

"दोनशे दहा..."

"रोज हेच म्हणतात," आई कुजबुजली. "मला वाटायचं, पायऱ्या मोजतात की काय."

काकांच्या हातातली बशी कलंडली. "होकायंत्रावरची बोटीची दिशा आहे ती, वहिनी. सुकाणू सोपवताना आकडा सांगायचा. घेणाऱ्यानं तोच आकडा परत म्हणायचा, आणि 'घेतलं' म्हणायचं. तोपर्यंत जागा सोडायची नाही."

"आणि घेणारा कोण होता?" लेकीनं विचारलं.

"मी... चहा संपवत होतो, पोरी. दहाच मिनिटं..."

"वीस वर्षं!" ती कडाडली. "वीस वर्षं आई 'या आत' म्हणतेय. ते येणार कसे? आणि तुम्ही मोठी माणसं आम्हाला कर्तव्याच्या गोष्टी सांगत बसलात! म्हणा आता!"

काकांनी तोंड उघडलं. "दो..." पुढचं उमटेना.

"दोनशे दहा..." दारातला आवाज आता बारीक झाला होता, तासन्‌तास उभं राहूनही बसता येत नाही अशा माणसाचा.

ती उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. "दोनशे दहा," तिचा आवाज चिरकला. "घेतलं, बाबा. तुम्ही जा."

एक लांब सुस्कारा. ओले ठसे आत आले. एक, दोन, तीन. तिच्या मांडीजवळ गार हात काहीतरी चाचपून थांबला. दोन वर्षांच्या पोरीचं डोकं जिथं असतं, बरोबर तिथं. मग तो हळूहळू वर आला, खांद्यापर्यंत, आणि तिथं नवल वाटल्यासारखा थबकला.

आईजवळची रिकामी खुर्ची करकरली. "दमलात ना," आई म्हणाली. बस, एवढंच.

तासाभरात फरशी कोरडी झाली. आई आपणहून उठली. "चल, गाडी चुकेल."

नव्या घरात आईला गाढ झोप लागू लागली. लेकीचं मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. रोज चार वाजता, ती कचेरीत असो की बसमध्ये, तिचे हात छातीसमोर उचलले जात आणि गोल लाकडाभोवती मिटावेत तसे मिटत. दहा मिनिटांनी सुटत. तळवे चाटले तर खारट.

तिसऱ्या महिन्यात, एका शनिवारी पत्र आलं. सावकाशकाका गेले. खुर्चीतच, दुपारी. कपातला चहा तसाच होता.

रविवारी चार वाजता हात मिटले. चार-दहाला जिन्यावर कुणीतरी धावत वर येत होतं. जन्मात कधी न धावलेल्या माणसासारखं, अडखळत, धापा टाकत. पावलं दाराशी थांबली. डिझेलचा वास आला.

"कोण गं?" आतून आईनं विचारलं.

ती दाराशी गेली. "दोनशे दहा," हळूच म्हणाली.

बाहेरची धाप थांबली.

"'घेतलं' म्हणा ना, काका... मी रागावले नाही हो आता."

दाराखालून पाण्याची बारीक धार आत आली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून अकरा मिनिटं झाली.

हात सुटले नव्हते.